काळ्या खिडकीतल्या सहा ओळी

ट्रेसबॅक (मोस्ट रीसेंट कॉल लास्ट):
फाइल "काटा.पीवाय", लाइन 212, इन <मॉड्यूल>
फाइल "काटा.पीवाय", लाइन 96, इन पावती_छाप
फाइल "एन्कोडिंग्ज\सीपी1252.पीवाय", लाइन 19, इन एन्कोड
युनिकोडएन्कोडएरर: 'चारमॅप' कोडेक कान्ट एन्कोड कॅरेक्टर्स इन पोझिशन 0-4: कॅरेक्टर मॅप्स टू <अनडिफाइन्ड>
[पीवायआय-7424:एरर] फेल्ड टू एक्झिक्यूट स्क्रिप्ट 'काटा' ड्यू टू अनहँडल्ड एक्सेप्शन!

रसग्रहणासाठी घेतलेला मजकूर एवढाच. मूळ रोमन लिपीतला, इथे देवनागरीत उतरवला आहे. मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाजवळच्या एका वजनकाट्यावरच्या संगणकातून तो माझ्याकडे आला. प्रोग्रॅम पायथनचा, पायइन्स्टॉलर या साधनाने बांधून त्याची एकच एक्झी केलेली. लिहिणारा तिथल्याच एका सोसायटीत राहणारा, नदीपलीकडे हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा. सूस, नांदे, चांदे, लवळे, म्हाळुंगे या पट्ट्यात आता अशी गाठ पडणे नवलाचे नाही. खाली रस्त्यावर मालाचे ट्रक, वर गॅलरीत लॅपटॉप, आणि ओळखीपाळखीतून आलेले 'एवढं एक करून दे ना' या जातीचे काम.

काम साधे होते. काट्याचा इंडिकेटर सिरीयल केबलने वजन पाठवतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे आणि पावतीचा मजकूर मराठीत तयार करायचा. मुलाच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम सुरेख चालायचा. काट्यावर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून बटण दाबले की फोन यायचा, "दादा, काळी खिडकी येती अन् जाती." नशिबाने ते बिलिंग सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्रॅमचे सगळे बोलणे लॉगमध्ये साठवून ठेवत होते, म्हणून हा मजकूर हाती लागला. बहुतेक एक्झी काही न बोलता मरतात.

ज्याला सवय नाही त्याला या सहा ओळी म्हणजे नुसता गोंगाट वाटेल. माझ्या लेखी हा अतिशय नेटका मजकूर आहे. त्यात एक शब्द फालतू नाही, आणि जे गाळले आहे तेही बोलते.

पहिली ओळ वाचनाची दिशा सांगते. शेवटचा कॉल शेवटी. जावासारख्या भाषा ताजी घटना सर्वांत वर ठेवतात आणि तिथपर्यंतची वाट खाली उलगडत नेतात. पायथन उलट करते. वाट आधी, कोसळणे शेवटी. घाईच्या वाचकाला त्यामुळे थेट तळ गाठता येतो आणि सवडीच्या वाचकाला वरून क्रमाने उतरता येते. मला स्वतःला ही मांडणी अधिक सुसंस्कृत वाटते.

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचावी. 212 व्या ओळीवरून 96 व्या ओळीकडे, म्हणजे मुख्य भागातून पावती छापणाऱ्या फंक्शनकडे. पण नुसती पायथन फाइल चालवली असती तर इथे सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता आला असता, आणि प्रत्येक ओळीखाली त्या जागचे प्रत्यक्ष कोडही छापले गेले असते. इथे पत्ता खुडलेला आहे आणि कोडची जागा रिकामी आहे. कारण पायइन्स्टॉलर बांधताना पायथनचे मूळ लिखाण सोबत घेत नाही. त्याचे बाइटकोड घेतो आणि फाइलींचे पत्ते सापेक्ष करून टाकतो. काट्यावरच्या संगणकावर 96 वी ओळ नावाची वस्तूच नाही, फक्त तिचा क्रमांक आहे. तो क्रमांक ज्या दिवशी एक्झी बांधली त्या दिवशीच्या मजकुराचा. मुलाने मधल्या काळात वर चार ओळी घातल्या असतील तर आजची 96 वी ओळ भलतीच असणार. म्हणून ज्याला असल्या मजकुरांची चव घ्यायची आहे त्याने एक्झी सुरू होताच लॉगमध्ये आवृत्ती आणि बांधणीची तारीख लिहायची सवय लावून घ्यावी. नाहीतर वाचन सुरू होण्याआधीच चुकते.

चौथी ओळ या मजकुराचे मर्म आहे. 'सीपी1252' हे विंडोजचे पश्चिम युरोपासाठीचे कोडपेज. इंग्रजीवर बसवलेल्या आपल्याकडच्या बहुतेक विंडोजमध्ये तेच मुक्कामाला असते. त्यात जर्मनांचे टिंबवाले स्वर आहेत, फ्रेंचांच्या तिरक्या रेघा आहेत, देवनागरीचे एक अक्षर नाही. मग मुलाच्या लॅपटॉपवर मराठी कशी दिसत होती? तोही इंग्रजी विंडोजचाच. तिथे तो प्रोग्रॅम हाताने, कन्सोलच्या खिडकीत चालवत होता. 2016 च्या शेवटी आलेल्या पायथन 3.6 पासून विंडोजच्या कन्सोलवर लिहिताना पायथन कोडपेजच्या फंदात पडत नाही, युनिकोडचा थेट रस्ता घेते. काट्यावर मात्र बिलिंगचे सॉफ्टवेअर या प्रोग्रॅमचे बोलणे पाइपमधून ओढून घेत होते. पाइप म्हटला की पायथन पुन्हा सिस्टिमच्या जुन्या कोडपेजकडे वळते. प्रोग्रॅम तोच, पायथन तेच, विंडोजही तेच; फक्त ऐकणारा बदलला. मजकुरात हे कारण कुठेही लिहिलेले नाही. 'एन्कोडिंग्ज\सीपी1252' या नावावरून ते वाचकाने काढायचे आहे.

थाईला विंडोजमध्ये 874 क्रमांकाचे कोडपेज आहे, ग्रीकला 1253, अरबीला 1256. देवनागरीला विंडोजने असे सिस्टिमचे कोडपेज कधी दिलेच नाही. आपल्याकडे पर्याय नव्हता असे नाही. इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने छापले, त्याच्या 1988 च्या आवृत्तीवरून युनिकोडने आपला देवनागरीचा तक्ता घेतला, आणि 1988 मध्येच पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्टच्या रूपाने हे तंत्र सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोचवले. तरी नांदेगावच्या काट्यावरचा संगणक देवनागरी बाहेर टाकताना पश्चिम युरोपाचा दरवाजा ठोठावतो. पायथनच्या 3.15 या आवृत्तीसाठी यूटीएफ-8 हेच मूळ धोरण मंजूर झालेले आहे, पण एक्झीच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही. तिच्या पोटात बांधणीच्या दिवशीचे पायथन कायमचे बंद झालेले असते. बाहेर कितीही नवे बसवा.

पाचव्या ओळीतला 'पोझिशन 0-4' हा तुकडा मला फार आवडतो. शून्यापासून चारपर्यंत, म्हणजे सलग पाच चिन्हे कोडपेजात सापडली नाहीत आणि सहावे सापडले. मुलाच्या पावतीचा पहिला शब्द कोणता असेल? प, काना, व, त, दीर्घ वेलांटी. 'पावती'. सहावे चिन्ह म्हणजे त्यानंतरची मोकळी जागा, ती पश्चिम युरोपातही असते. आपण डोळ्यांनी तीन अक्षरे मोजतो, यंत्र काना आणि वेलांटी वेगळी मोजते. कोड हाती नसतानाही कोणत्या शब्दावर प्रोग्रॅम अडखळला ते या दोन आकड्यांनी सांगितले. 0-6 असते तर मी 'वजनकाटा' धरला असता.

सहावी ओळ दुसऱ्याच हाताने लिहिलेली आहे. पहिल्या पाच ओळी पायथनच्या. चौकोनी कंस, 'पीवायआय' आणि प्रोसेसचा क्रमांक असलेली ही ओळ बूटलोडरची, म्हणजे पायथनला जागे करणाऱ्या सी भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमची. हा भेद ज्याला दिसत नाही तो फक्त शेवटची ओळ वाचतो आणि तीच इंटरनेटवर शोधत बसतो. त्या ओळीत कारण नसते. स्क्रिप्ट चालली नाही, एवढाच पंचनामा असतो. वरच्या पाच ओळी असतील तर पायथन जागे झाले होते आणि चूक प्रोग्रॅमच्या किंवा लायब्ररीच्या प्रांतात आहे. वरच्या ओळी नसतील आणि बूटलोडर एकटाच बोलत असेल तर पायथन जागेच झाले नाही, आणि मग प्रोग्रॅमच्या कोडमध्ये डोके घालण्यात अर्थ नाही. निम्मे निदान या एका फरकावर होते.

यावर उपाय म्हणून अनेकजण एक चोरवाट सुचवतात. न बसणाऱ्या अक्षरांच्या जागी दुसरे काहीतरी टाकायची परवानगी पायथनला द्यायची. मग प्रोग्रॅम कोसळत नाही, पावती निघते, आणि तिच्यावर 'पावती' या शब्दाच्या जागी पाच प्रश्नचिन्हे छापलेली असतात. माझ्या मते हा गुन्हा आहे. पायथनने इथे मरण पत्करले ते पावतीवर खोटे छापण्याऐवजी, आणि याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. खरा उपाय दोन ओळींचा. बाहेर जाणारा मजकूर यूटीएफ-8 मध्ये जाईल असे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ठरवायचे, आणि घेणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तसे सांगायचे. मुलाने तेच केले.

आता या सहा ओळींच्या मागचा रंगमंच पाहू. एका फाइलीत बांधलेली एक्झी म्हणजे परगावच्या लग्नाला निघालेला आचारी. कढई, झारे, मसाले स्वतःचे, पण पाणी आणि जळण तिथले. पायथनचा अर्थ लावणारा भाग, लागतील त्या लायब्रऱ्या, चित्रे, फॉन्ट सगळे सोबत असते. विंडोज किंवा लिनक्सचा गाभा मात्र त्या त्या यंत्राचा. म्हणून नव्या लिनक्सवर बांधलेली फाइल जुन्या लिनक्सवर 'जीलिबसी'ची अमुक आवृत्ती सापडत नाही म्हणून अडते, आणि पायथन 3.9 किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर बांधलेली एक्झी विंडोज 7 वर 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' या नावाची डीएलएल मागत बसते. लोक मग ती डीएलएल कुठूनतरी उतरवून घेतात. तसे करू नये. पायथनने 3.9 पासून विंडोज 7 सोडून दिले आहे, एवढाच त्या निरोपाचा अर्थ.

फाइलीच्या पुढच्या टोकाला बूटलोडर असतो आणि मागे शेपटासारखे सगळे सामान जोडलेले. सामान कुठे सुरू होते हे बूटलोडरला कसे कळते? तो स्वतःचीच फाइल शेवटाकडून मागे वाचत येतो आणि आठ बाइटांची एक खूण शोधतो. खुणेची पहिली तीन अक्षरे 'एम', 'ई', 'आय'. ही मॅकमिलन एंटरप्रायझेस इनकॉर्पोरेटेडची आद्याक्षरे. गॉर्डन मॅकमिलन यांनी लिहिलेल्या 'इन्स्टॉलर' या जुन्या साधनातून पायइन्स्टॉलर निघाला, आणि त्याच्या परवान्याच्या मजकुरात त्या कंपनीचे नाव अजून आहे. तीच आद्याक्षरे टेम्प फोल्डरमध्ये तयार होणाऱ्या '_एमईआय' या नावाच्या फोल्डरवरही बसली. जगभरच्या लाखो टेम्प फोल्डरांत एका जुन्या कंपनीचे नाव पडून असावे याची मला गंमत वाटते.

शेवटाकडूनच का शोधायचे? कारण एक्झीवर डिजिटल सही केली की ती सही अगदी टोकाला चिकटते आणि खूण थोडी आत सरकते. ठरलेल्या अंतरावर पाहून भागत नाही. आणि याहून सुंदर बारकावा असा की बूटलोडरच्या स्वतःच्या कोडमध्ये ही खूण सबंध लिहिलेली नाही. चौथा बाइट शून्य ठेवलेला आहे, आणि शोध सुरू करण्याआधी त्यात हवा तो आकडा मिळवला जातो. सबंध लिहिली असती तर शोधणाऱ्याला ती स्वतःच्याच अंगात सापडली असती. सामान म्हणून त्याने स्वतःचेच शरीर उघडायला घेतले असते. सीमध्ये ही एका ओळीची बेरीज आहे. ती का आहे हे कळले की हात जोडावेसे वाटतात.

खूण सापडली की सामान टेम्प फोल्डरात उलगडले जाते आणि बूटलोडर स्वतःची दुसरी प्रत सुरू करतो. खरा प्रोग्रॅम त्या दुसऱ्या प्रतीत चालतो. पहिली नुसती थांबून राहते, कारण काम संपल्यावर फोल्डर पुसायला कोणीतरी बाहेर हवे. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या दोन प्रोसेस दिसतात त्या या. विंडोजवर '_एमईआय' च्या पुढचा आकडा थांबलेल्या पालकाच्या क्रमांकावरून येतो, आणि आपल्या सहाव्या ओळीतला 7424 चालत्या लेकराचा. दोन्ही जुळत नाहीत म्हणून नवखे लोक चुकीच्या फोल्डरावर संशय घेतात. काट्यावर कोणी वैतागून दोन्ही प्रोसेस मारल्या की फोल्डर पुसणारा उरत नाही. अशी अनाथ फोल्डरे साठत जातात आणि एक दिवस 'डिस्क भरली' अशी तक्रार येते, जिचा या एक्झीशी संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

या टेम्प फोल्डराने दोन अभिजात क्रॅश जगाला दिले, आणि त्यातला पहिला डॉकर कंपोजच्या पहिल्या पिढीने प्रसिद्ध केला. ते साधन पायथनचे होते आणि लिनक्ससाठी पायइन्स्टॉलरने एका फाइलीत बांधलेले मिळायचे. पहिल्या क्रॅशची ओळ अशी की 'लिबझी.एसओ.1' ही लायब्ररी लावताना तिचा तुकडा स्मृतीत बसवता आला नाही, परवानगी नाही. वाचणारे 'लिबझी' पुन्हा पुन्हा बसवत राहिले. पण रोख वाक्याच्या शेवटाकडे होता. सावध प्रशासक टेम्पच्या जागेवर 'नोएक्झेक'चा शिक्का मारतात, म्हणजे तिथून काही चालवता येत नाही. बूटलोडरची दुसरी प्रत उठते तीच उलगडलेल्या सामानातून लायब्ररी मागत, आणि दारातच अडते. 'लिबझी'चा दोष नव्हता, फक्त रांगेत तिचा पहिला नंबर होता. टेम्पची जागा बदलणारा एक पर्यावरण-चल दिला की प्रोग्रॅम चालू.

दुसरा क्रॅश सावकाश मारणारा. ओळ म्हणते, सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रांची फाइल सापडत नाही, आणि पत्ता '_एमईआय' फोल्डरातला देते. सकाळी सुरू केलेला प्रोग्रॅम संध्याकाळी असा मरत नाही. लिनक्सवरच्या सिस्टिमडीच्या मूळ मांडणीत टेम्पमधल्या ज्या फाइलीला दहा दिवस कोणी हात लावला नाही ती रोजच्या झाडलोटीत काढून टाकली जाते. प्रोग्रॅमने आधीच स्मृतीत घेतलेल्या लायब्रऱ्या नाव पुसले गेले तरी जिवंत राहतात, त्यामुळे प्रोसेस धडधाकट दिसते. दिवाळीच्या सुट्टीत पंधरवडाभर कोणी विचारले नाही, सुट्टीनंतर पहिली विनंती आली, प्रोग्रॅमने प्रमाणपत्रांची फाइल उघडायला हात घातला आणि तिथे काही नव्हते. पुन्हा सुरू केला की बरा. मग पुन्हा लांब सुट्टी येईपर्यंत कोणालाच काही दिसत नाही. क्रॅशच्या वाङ्मयात इतकी धीम्या लयीची रचना मी दुसरी पाहिलेली नाही. डॉकर कंपोजची दुसरी पिढी गो भाषेत लिहिली गेली आणि 2023 च्या जुलैपासून पहिलीला अद्ययावत करणे थांबले. हे दोन क्रॅश मात्र इतर एक्झींत सुखाने नांदत आहेत.

सगळेच मजकूर असे गुणी नसतात. पांडास या लायब्ररीची एक प्रसिद्ध ओळ आहे. 'ओपनपायएक्सेल' हे ऐच्छिक अवलंबन सापडत नाही, पिप किंवा कोंडा वापरून ते बसवा. प्रोग्रॅमरच्या संगणकावर हा सल्ला रास्त आहे. तीच ओळ एक्झीतून काट्यावरच्या माणसासमोर येते तेव्हा तिच्याइतके बेजबाबदार वाक्य नाही. त्या संगणकावर पायथन नाही, पिप नाही, आणि असले तरी एक्झी त्याच्याकडे पाहणार नाही. खरे कारण असे की पायइन्स्टॉलर बांधताना प्रोग्रॅमचे बाइटकोड वाचून कोण कोणाला बोलावते याची यादी करतो. पांडास मात्र एक्सेल फाइल समोर आल्यावर, त्या क्षणी, नावाच्या अक्षरांवरून ते मॉड्यूल बोलावते. वाचणाऱ्याला हे बोलावणे दिसत नाही. 'बांधताना हे मॉड्यूल यादीत घाला' असे त्या ओळीने म्हणायला हवे होते. तिला ते माहीत असण्याची सोय नाही हेही खरे, म्हणून वाचकानेच मनात दुरुस्ती करून वाचावे. बांधणीच्या फोल्डरात 'वॉर्न' ने सुरू होणारी एक फाइल पडलेली असते. न सापडलेल्या मॉड्यूलांची नावे तिच्यात असतात, त्यातली बरीच निरुपद्रवी. पण पूर्ण नकळत राहिलेले बोलावणे तिच्यातही येत नाही.

माझ्या मते सर्वांत कमअस्सल मजकूर ओपनसीव्हीचा. त्याच काट्यावर ट्रकच्या नंबरप्लेटचे फोटो 'गाड्या' नावाच्या फोल्डरात ठेवायचे ठरले. विंडोजवर ओपनसीव्हीचे चित्र वाचणारे फंक्शन देवनागरी पत्ता घेते, तो उघडता येत नाही, आणि ते कोसळत नाही. रिकाम्या हाताने परत येते. नव्या आवृत्त्या एक इशारा पुटपुटतात, जुन्या तेवढेही करत नाहीत. प्रोग्रॅम पुढे जातो आणि रंग बदलण्याच्या फंक्शनमध्ये, काही ओळी खाली, 'उणे 215, असर्शन फेल्ड, सोर्स रिकामा' असे म्हणून पडतो. गुन्हा एका ठिकाणी, प्रेत दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या मजकुराने पाच चिन्हांपर्यंत जागा दाखवली होती, आणि इथे देवनागरीचा उल्लेखही नाही.

त्या इशाऱ्यात पत्ता मात्र छापलेला असतो आणि मराठी डोळ्याला तो ओळखता यायला हवा. 'गाड्या' या शब्दात ग, काना, ड, हलन्त, य, काना अशी सहा चिन्हे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे अठरा बाइट. ते पश्चिम युरोपाच्या कोडपेजातून वाचले की दर तिसऱ्या घरात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' येतो, आणि त्याच्या पाठोपाठ चार कोपऱ्यांना टोके फुटलेले चलनाचे वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह. तक्त्याच्या पहिल्या निम्म्यातल्या अक्षरांना वर्तुळ, पुढच्या निम्म्यातल्या चिन्हांना येन. हलन्त पुढच्या निम्म्यात पडतो, म्हणून 'गाड्या'त येन नेमका एकदाच, चौथ्या जागी. ही ठेक्याची रांग कुठेही दिसली की समजावे, मोडलेली देवनागरी आहे.

मल्टिप्रोसेसिंगची गोष्ट थोडक्यात. विंडोजवर पायथनला मदतनीस प्रोसेस हवी असेल तर ते पायथनच पुन्हा सुरू करते. एक्झीत 'पायथन' म्हणजे ती एक्झीच. 'फ्रीझ सपोर्ट' नावाची एक ओळ विसरली की एक्झी स्वतःला उघडते, ती पुन्हा स्वतःला, आणि खिडक्यांचा पूर येतो. एरर मजकूर काहीच नाही. पाहायला विनोदी, वाचायला काही नाही.

एका फाइलीचा मोह मला पटत नाही. पायइन्स्टॉलरची स्वतःची पुस्तिकाच सांगते की आधी एका फोल्डरात बांधून चालते का ते पाहा, मग एका फाइलीकडे वळा. मी म्हणतो, वळूच नका. फोल्डराच्या बांधणीत टेम्पमध्ये उलगडणे नाही, दोन प्रोसेस नाहीत, नोएक्झेक नाही, दहा दिवसांची झाडलोट नाही. 2023 च्या 6.0 आवृत्तीपासून सामान '_इंटर्नल' नावाच्या उपफोल्डरात जाते, त्यामुळे काट्यावरच्या माणसालाही एकच एक्झी समोर दिसते. कोणती डीएलएल आहे, कोणती नाही, हे नुसते उघडून पाहता येते. यूपीएक्सने आवळून चार एमबी वाचवण्याचा हट्टही सोडावा. त्याने काही डीएलएल मोडतात आणि अँटिव्हायरसचा संशय वाढतो, आणि तो क्रॅश कोणत्याच ओळीत वाचता येत नाही.

कन्सोल लपवून बांधण्याची घाईही नको. लपवलेल्या एक्झीत पायथनला बोलायला तोंडच नसते, बाहेर जाणारे दोन्ही मार्ग रिक्त असतात. त्यांच्यावर थेट लिहू पाहणारी एखादी लायब्ररी 'रिक्ताला राइट नाही' असे म्हणून पडते आणि मूळ दुखणे बाजूला राहते. आधी काळी खिडकी राहू द्या. तरीही काही कळले नाही तर डिबगचा पर्याय लावून बांधा. इम्पोर्टचा डिबग कोणते मॉड्यूल कुठून उचलले ते ओळीने सांगतो आणि बूटलोडरचा डिबग पायथन जागे होण्याआधीचे बोलतो. मजकूर लांबलचक आणि कंटाळवाणा असतो, शेवटून वाचावा.

वजनकाट्यावर, दवाखान्यात, पतपेढीत किंवा शाळेत अशी एक्झी वापरणाऱ्यांना एक विनंती. ती पडली की खिडकीचा अर्धा कापलेला फोटो पाठवू नका. सीएमडी उघडा, एक्झी तिच्यात ओढून सोडा, एंटर दाबा, आणि जे उमटेल ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मजकूर म्हणून कॉपी करून पाठवा. मराठी अक्षरांच्या जागी चिन्हे आली असतील तर ती दुरुस्त करू नका, तशीच येऊ द्या.